इयत्ता सहावी, राज्य मंडळ : केंद्रीय मंडळातून येणाऱ्या मुलाच्या तयारीविषयी मार्गदर्शन हवे

वडोदराकर (प्रश्न)

नमस्कार. आमचे कुटुंब दोन पिढ्यांपासून वडोदऱ्यात आहे. यजमानांची बदली नाशिकला झाल्यामुळे मुलाला येत्या जूनपासून तेथील राज्य मंडळाच्या सेमी इंग्रजी शाळेत इयत्ता सहावीत प्रवेश घेतला आहे. पाचवीपर्यंत तो केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होता. तेथे त्याला भाषा, गणित आणि पर्यावरण अभ्यास एवढेच मुख्य विषय होते. आता गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास, नागरिकशास्त्र व भूगोल मराठीतून शिकावे लागणार आहेत. घरात आम्ही मराठीच बोलतो. हिंदीमुळे देवनागरी लिपी त्याला येते, परंतु मराठीतून सलग पानभर लिहिण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलेला नाही.

बालभारतीच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका मी चाळल्या, पण त्यांवरून अंदाज येत नाही. 'कोन', 'हवा व हवामान', 'पोषण आणि आहार' अशी शीर्षके वाचली की हे सारे त्याला येतेच असे वाटते, आणि 'बँक व सरळव्याज' वाचले की धडकी भरते. सहावीत प्रत्येक विषयात खरोखर नवे असे काय आहे, आणि शाळा सुरू होण्यापूर्वी हातात असलेल्या महिन्याभरात कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. शिकवणी लावण्याचा आमचा विचार नाही.

खडूफळा

मी उच्च प्राथमिक वर्गांना गणित व विज्ञान शिकवतो, म्हणून त्या दोन विषयांपुरते लिहितो.

सहावीच्या गणितातले खरे वळण असे आहे की, तोवर संख्या म्हणजे मोजलेली काहीतरी वस्तू असते आणि सहावीत ती तशी राहत नाही. 'पूर्णांक संख्या' या प्रकरणात शून्याच्या डावीकडे जावे लागते, 'समीकरणे' या प्रकरणात संख्येच्या जागी अक्षर येते, आणि अपूर्णांकांचा भागाकार करताना उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे येऊ शकते, ही गोष्ट पाचवीपर्यंत रुजलेल्या समजुतीच्या थेट विरुद्ध जाते. सममिती, स्तंभालेख, त्रिमितीय आकार ही प्रकरणे मुले हसतखेळत पार पाडतात, त्यांची चिंता करू नये.

या महिन्यात आपण दोनच गोष्टी पाहाव्यात, असे मी सुचवीन. पहिली, अपूर्णांक. मुलाला २/३ + १/४ ही बेरीज द्या. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून ३/७ असे उत्तर काढले, तर लगेच पद्धत शिकवू नका. २/३ हे अर्ध्यापेक्षा जास्त आहे, ३/७ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे, मग मिळवल्यावर रक्कम घटली कशी, एवढेच विचारा. ज्याला हा प्रश्न खटकतो त्याला ११/१२ पर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, आणि ज्याला तो खटकत नाही त्याने छेद समान करण्याची कृती कितीही घोटली तरी दिवाळीपर्यंत ती विसरलेली असते. भागाकाराचेही तसेच आहे. सहा लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर किती पिशव्या लागतील, हे तो तोंडी सांगेल. तेच ६ ÷ १/२ आहे, हे त्याला कागदावर दिसले पाहिजे. 'गुणाकार व्यस्त' ही संज्ञा वर्गात नंतर येईलच.

दुसरी गोष्ट, संख्यारेषा. +५ मध्ये −८ मिळवायचे म्हणजे पाचवर उभे राहून डावीकडे आठ घरे जायचे, हे जमिनीवर खडूने आखून करून घ्यावे. चिन्हांचे नियम पाठ करण्यापूर्वी ही चाल अंगवळणी पडली, तर −२ मधून −५ वजा करणेही समजते.

आपल्याला ज्याची धास्ती वाटते ते व्यवहारी गणित दुसऱ्या सत्रात येते. गुणोत्तर-प्रमाण, शतमान, नफा-तोटा आणि बँक व सरळव्याज ही चारही प्रकरणे एका ओळीत येतात आणि एकाच कल्पनेवर उभी आहेत. पंचवीसपैकी अठरा गुण चांगले की वीसपैकी पंधरा, हा प्रश्न ज्याने शंभरावर आणून सोडवला, त्याला पुढचे अवघड जात नाही. मुले चुकतात ती हिशेबात नव्हे, तर वाचनात. पाचशे रुपयांचा माल घेतला, साठ रुपये हमाली व भाडे दिले आणि माल ६१६ रुपयांस विकला, तर नफा ५६ रुपये, म्हणजे शेकडा १० आहे. वर्गातली निम्मी मुले साठ रुपये विसरून ११६ रुपये नफा लिहितात. केंद्रीय मंडळाच्या सहावीच्या २०२४ मधील नव्या गणिताच्या पुस्तकात शतमान, नफा-तोटा व व्याज यांसाठी स्वतंत्र प्रकरणे नाहीत. तेथे आकृतिबंध, संख्यांचे खेळ, परिमिती व क्षेत्रफळ यांना अधिक जागा दिली आहे. त्यामुळे जुन्या शाळेतील मित्रांशी तुलना केल्यास आपला मुलगा निराळ्याच वाटेवर आहे असे दिसेल, त्याने गोंधळू नये.

विज्ञानात सोळा प्रकरणे आहेत. पहिल्या अर्ध्या भागातील नैसर्गिक संसाधने, सजीवांचे वर्गीकरण, पोषण, अस्थिसंस्था व त्वचा यांपैकी बरेचसे पर्यावरण अभ्यासात भेटलेले असते, फक्त येथे त्याला वर्गीकरणाची शिस्त लागते. गती, बल, कार्य व ऊर्जा, साधी यंत्रे हा सलग पट्टा मात्र नवा आहे आणि तो वाचून समजत नाही. साध्या यंत्रांसाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. कात्री, अडकित्ता आणि चिमटा ताटात ठेवून प्रत्येकात टेकू कुठे, बल कुठे आणि भार कुठे, हे त्याला बोटाने दाखवायला लावा. कात्रीत टेकू मध्ये असतो, अडकित्त्यात भार मध्ये येतो आणि चिमट्यात बल मध्ये येते. तरफेचे तिन्ही प्रकार झाले. अडकित्त्यात सुपारी सांध्याच्या जितकी जवळ, तितकी ती सहज फुटते, हे एकदा हाताला कळले की सूत्राची घाई करावी लागत नाही.

पांथस्थ

मी इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालो आहे. वरील प्रतिसादातले संख्येविषयीचे निरीक्षण मला पटले, आणि तीच अडचण आमच्या विषयांतही उभी राहते, हे सांगण्यासाठी लिहितो. परिसर अभ्यासात मूल जे पाहते त्याविषयी शिकते. सहावीत त्याला प्रथमच न दिसणाऱ्या रेषा, न अनुभवलेला काळ आणि कधी न पाहिलेली कार्यालये यांच्याविषयी विचार करावा लागतो.

भूगोलाची सुरुवातच 'पृथ्वी आणि वृत्ते' या प्रकरणाने होते. अक्षांश हे कोनीय अंतर आहे, तो कोन पृथ्वीच्या केंद्राशी होतो आणि त्याचा शिरोबिंदू कुणालाही दिसणार नाही, एवढे पचवण्यास मुलाला कोन मोजता यावा लागतो. गणितात 'कोन' हे प्रकरण पहिल्या सत्रात आहे, पण दोन शिक्षकांचे वेळापत्रक जुळेलच असे नाही. म्हणून कोनमापक हातात देऊन हे घरीच करून घेणे बरे.

आपल्या बाबतीत तर उदाहरण आयते आहे. वडोदरा सुमारे २२°१८′ उत्तर अक्षांशावर आणि नाशिक जवळजवळ २०° उत्तर अक्षांशावर आहे. दोहोंच्या रेखांशांत मात्र अर्ध्या अंशाच्या आसपासच फरक आहे. म्हणजे आपले कुटुंब जवळजवळ एकाच रेखावृत्तावरून दक्षिणेकडे सरकत आहे. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तेव्हा सरळ रेषेतील अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर भरते, ते मुलाला काढू द्यावे आणि मग नकाशाच्या प्रमाणावरून पडताळून पाहू द्यावे. कर्कवृत्त २३°३०′ वर असल्यामुळे दोन्ही शहरे उष्ण कटिबंधातच आहेत. आपण मे महिन्यातच नाशिकला पोहोचणार असाल, तर वीस तारखेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास अंगणात एक सरळ काठी उभी करून तिची सावली पाहावी. त्या सुमारास सूर्य नाशिकच्या डोक्यावर येतो आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. असाच योग जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ ढगाळलेले असते. पुस्तकातल्या कटिबंधांच्या आकृतीवर तासभर घालवण्यापेक्षा हे पाच मिनिटांचे काम अधिक उपयोगी आहे. रेखांशावरून वेळ काढण्याची गणिते मात्र आत्ता करून घेऊ नयेत. स्थानिक वेळ व प्रमाण वेळ हा भाग आठवीत येतो.

'खडक व खडकांचे प्रकार' हे प्रकरणही नाशिकमध्ये शिकण्यासारखे आहे. ज्या काळ्या दगडात तेथील डोंगर, लेणी आणि जुनी मंदिरे आहेत तो बेसाल्ट हा अग्निजन्य खडक आहे. कोकणात उतरले की जांभा दिसतो. एवढे दोन तुकडे हातात घेऊन पाहिले तरी पुष्कळ झाले.

आता इतिहास. सहावीचा इतिहास प्राचीन भारताचा आहे. हडप्पा संस्कृती, वैदिक संस्कृती, धार्मिक प्रवाह, जनपदे व महाजनपदे, मौर्यकाल, त्यानंतरची राज्ये, दक्षिणेतील राज्ये आणि अखेरीस भारताचे जगाशी आलेले संबंध असा त्याचा ओघ आहे. चौथीत शिवछत्रपतींचे चरित्र शिकून आलेल्या इथल्या मुलांनाही तो नवाच असतो, त्यामुळे या विषयात आपला मुलगा मुळीच मागे नाही. अडचण असते ती इसवी सनापूर्वीच्या वर्षांची. सम्राट अशोकाचा काळ इ.स.पू. २७३ ते इ.स.पू. २३२ असा दिला की मुले हमखास विचारतात, राज्य संपताना आकडा लहान कसा झाला? येथे संख्यारेषा कामास येते. शून्याच्या डावीकडे −२७३ हे −२३२ च्या आधी येते. फक्त एक सावधगिरी बाळगावी. कालगणनेत शून्य नावाचे वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, त्यामुळे इसवी सनाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वर्षांमधील अंतर काढताना बेरजेतून एक वजा करावा लागतो.

'इतिहासाची साधने' हा पाठ बहुतेक ठिकाणी भौतिक, लिखित, मौखिक अशा तीन शब्दांवर आटोपला जातो, याची मला कायम चुटपुट वाटत आली आहे. नाशिककरांना तर त्यासाठी पुस्तक उघडण्याचीही गरज नाही. पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. त्यात तिने आपल्या पुत्राची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगितली असून 'ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आहे' असे त्याचे वर्णन केले आहे. त्याने शक क्षत्रप (प्रांताधिपती) नहपानाचा पराभव केला, हे त्या लेखाच्या आधारे म्हणता येते, पण आईने केलेली मुलाची स्तुती इतिहासकाराने कितपत धरावी, हा प्रश्न सहावीतला मुलगाही विचारू शकतो. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यांतील १३,००० हून अधिक नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. पराभूत राजाचे चलन जेत्याने आपल्या नावाने फिरवले, याहून बोलका पुरावा कोणता? लेख आणि नाणी एकमेकांची साक्ष देतात, एवढे एक उदाहरण मनात ठसले तर त्या पाठाचा हेतू साधला.

नागरिकशास्त्रात पाचच पाठ आहेत आणि त्यांतील तीन स्थानिक शासन व जिल्हा प्रशासनाचे आहेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका या नावांच्या गर्दीत मुले हरवतात. वडोदरा महानगरपालिका त्याच्या ओळखीची असेल, तिथून सुरुवात करून नाशिक महानगरपालिकेवर आणि मग गावाकडे यावे. ग्रामपंचायतीत किमान ७ व जास्तीत जास्त १७ सदस्य असतात, महाराष्ट्रात स्थानिक शासन संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, ही माहिती पाठ होऊन जाते. सरपंचाच्या निवडीबाबत मात्र हातातली आवृत्ती पाहून घ्यावी. हे पुस्तक २०१६ साली आले. सरपंच थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली.

टीपकागद

दोन्ही ज्येष्ठांचा मान राखून थोडे वेगळे मत मांडते. माझी मुलगी याच मार्गाने, म्हणजे परराज्यातील केंद्रीय मंडळाच्या शाळेतून, सेमी इंग्रजी सहावीत आली. कोन आणि क्षत्रप तिला वर्गात समजत होते. तिची गाडी अडत होती ती उत्तरपत्रिकेवर. राज्य मंडळाच्या सामाजिक शास्त्रांत 'कारणे लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'टीपा लिहा', 'तुमच्या शब्दांत सांगा' अशा स्वरूपाचे प्रश्न असतात. जे मूल 'समुद्रकाठचे तापमान सम का असते' हे तोंडी नीट सांगते, तेच मूल मराठीतून लिहिताना एका तुटक वाक्यावर थांबते. त्यामुळे आपल्याकडे महिनाच असेल तर त्यातला मोठा वाटा मी मराठी लेखनाला देईन. रोज वर्तमानपत्रातील एक छोटी बातमी मोठ्याने वाचायची आणि नंतर न पाहता ती पाच-सहा पूर्ण वाक्यांत लिहायची, एवढा एकच परिपाठ आम्ही ठेवला होता.

हिंदीच्या सवयीमुळे काही ठरावीक खुणा वहीत दिसतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिला जातो, म्हणून कवी, गुरू, बुद्धी. हिंदीत शिकलेले मूल ते ऱ्हस्व लिहिते. 'ळ' च्या जागी 'ल' येतो. याबद्दल रागावू नये, सहामाहीपर्यंत ते आपोआप निवळते. हिंदीच्या तासाला मात्र आपला मुलगा वर्गात सर्वांच्या पुढे असेल, आणि नव्या शाळेत पहिल्या आठवड्यात एका तरी विषयात पुढे असणे फार मोलाचे असते.

मूल्यमापनाविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून सांगते. सहावीत आकारिक आणि संकलित मूल्यमापनाला निम्मा-निम्मा भार असतो. आकारिक म्हणजे वर्षभरातील तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांची नोंद. संकलित म्हणजे दोन्ही सत्रांच्या अखेरीस होणारी परीक्षा. वही वेळेवर पूर्ण असणे आणि वर्गात हात वर करणे यालाही येथे गुण आहेत. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांचीही श्रेणी प्रगतिपुस्तकात येते, तेव्हा चित्रकलेची वही ऐच्छिक समजू नये.

सहावीतच डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची जाहिरात शाळेत येईल आणि इतर पालक आपल्याला आग्रह करतील. मुलाला स्वतःला आवड असेल तर जरूर बसवावे, पण मंडळ, माध्यम आणि शहर एकाच वर्षी बदललेल्या मुलावर ते ओझे पालकांच्या हौसेखातर टाकू नये, असे माझे मत आहे.

वडोदराकर

तिघांचेही मनापासून आभार. काठीच्या सावलीचा प्रयोग आम्ही नक्की करू, आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यातच पोहोचत आहोत. आणखी दोन शंका आहेत. नाशिकच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलीचा सहावीचा जुना संच देऊ केला आहे, पण त्यात सर्व विषय एकत्र असून मधे मधे कोरी पाने आहेत, तो चालेल का? आणि गणिताचे प्रकरण मी घरी मराठीतून समजावले, तर इंग्रजीतून परीक्षा देताना त्याची अडचण होईल का?

खडूफळा

तो संच २०२३-२४ किंवा २०२४-२५ चा असावा. त्या दोन वर्षांत सर्व विषय एकत्र करून चार भागांत पुस्तके छापली होती आणि नोंदींसाठी कोरी पाने दिली होती. पुढे ती पद्धत बंद झाली. धडे तेच आहेत, त्यामुळे सुट्टीतील वाचनासाठी तो खुशाल घ्यावा. शाळेत मात्र पृष्ठक्रमांक सांगून स्वाध्याय दिले जातात, त्यामुळे तेथे शाळेने सांगितलेलीच पुस्तके असू द्यावीत. शिवाय तो संच सेमी इंग्रजीचा आहे की संपूर्ण मराठी माध्यमाचा, हे गणिताचे पान उघडून आधीच पाहून घ्यावे. धाकटे भावंड असल्यास त्याच्यासाठी हा संच जपून ठेवण्यात अर्थ नाही, कारण एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयातील टप्प्यांनुसार सहावीचा अभ्यासक्रम २०२६-२७ पासून बदलावयाचा आहे.

गणित घरी मराठीतूनच समजवावे. सेमीच्या वर्गात आम्हीही स्पष्टीकरण बहुधा मराठीतच करतो आणि फळ्यावर मात्र इंग्रजीत लिहितो. आपला मुलगा पाचवीपर्यंत इंग्रजीतूनच गणित शिकलेला असल्यामुळे लेखी उदाहरण वाचणे त्याला वर्गातील इतरांपेक्षा सोपे जाईल. त्याला मसावि, लसावि, छेद, अंश, सरळव्याज हे शब्द तोंडी ऐकून ओळखता आले पाहिजेत, नाहीतर शिक्षक काय विचारत आहेत तेच त्याला पहिले काही दिवस कळणार नाही. स्वयंपाक करता करता दोन बसगाड्यांचे एखादे उदाहरण तोंडी घालावे. एक दर वीस मिनिटांनी सुटते, दुसरी दर तीस मिनिटांनी, दोन्ही सकाळी सहाला एकदम सुटल्या, तर पुन्हा एकत्र कधी सुटतील? त्याने 'सात वाजता' म्हटले की विचारावे, हा मसावि झाला की लसावि, आणि कशावरून.